डोकं राहिलेला मासा

त्या दिवशी दादाने ताटातलं अर्धंच खाल्लं. उजवीकडचा मासा साफ, डावीकडचा भात तसाच. मी म्हटलं, हा भात कोण खाणार. तर म्हणाला, "कुठला भात? संपलं की सगळं." मला वाटलं नाटकं करतोय. बोलले त्याला, आणि भात कोंबड्यांना टाकला.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ अर्जेमीरो. आमचं गाव नेग्रो नदीवर, बार्सेलोस शहरापासून मोटरच्या होडीने दोन तास वर. तो माशांची चित्रं काढायचा. भिंतीवर लावायची नाही. नवीन जातीचा मासा सापडला की मानाउसचे संशोधनवाले लोक पुस्तकात छापतात, ती.

आधी तोही गावातल्या सगळ्यांसारखा काचेच्या पेटीत ठेवायचे बारके मासे पकडायचा. खोक्यांच्या झाकणांवर कोळशाने मासे काढायचा, ते मानाउसहून आलेल्या सेलीनाबाईंनी बघितलं. बाई डॉक्टर, पण माशांच्या. तेव्हापासून एकतीस वर्षं हेच. मासा मेला की रंग जातो, म्हणून जिवंत असताना पांढऱ्या टबात ठेवून आधी रंग उतरवून घ्यायचे. मग मेल्यावर सुईच्या टोकाने एकेक खवला मोजायचा. आमचा शेजारी नोनातो मासेमार, तो येऊन बसायचा आणि म्हणायचा, "आम्ही मासे खातो, तू मोजत बस. पोट भरतं का रे मोजून?" दादा म्हणायचा, "अठ्ठावीस, एकोणतीस... झालं? आता परत एकपासून. तूच मोज."

माशाचं तोंड कायम डावीकडे. सगळीकडे तसंच काढतात म्हणे. दादा शेपटीकडून सुरू करायचा, डोकं शेवटी, डोळा त्याच्याही नंतर. डोळा झाला की उजव्या कोपऱ्यात नाव. त्याच्या आधी कधीच नाही.

तर त्या दिवशी जेवण झाल्यावर मी दादाच्या टेबलावरचा कॉफीचा कप उचलायला गेले. कागदावर शेपटी होती, पर होते, पाठ होती, मग मध्ये सुरीने कापल्यासारखं. पुढे कोरं. म्हटलं डोकं काय, शेवटीच करतो. कोपऱ्यात नाव घातलेलं होतं. ते मी बघितलं. बघितलं आणि कप नेऊन घासला.

तीन वाजता तो खुर्चीवरून पडला. नोनातोने होडी काढली. बार्सेलोसची घरं दिसायला लागली तेव्हा गेला.

दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, सकाळपासून काही वेगळं वाटलं का. मी भाताचं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, डोक्यात उजव्या बाजूचं रक्त अडलं की कधी कधी माणसाला डावीकडचं काही नसतंच. भात त्याला दिसलाच नसेल." मी विचारलं, जेवणाच्या वेळीच आणलं असतं तर. म्हणाली, सांगता येत नाही. नोनातो म्हणाला, तुला काय कळणार होतं डोरा. नाव बघितल्याचं मी त्याला सांगितलं नाही. कोणालाच नाही. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, दुसऱ्या कोणाला ते बघून कळलं असतं का.

पुरलं. माणसं आली, मी कॉफी केली, परत केली. रडू आलं नाही. अजून नाही आलं.

सातव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि सेलीनाबाई आल्या. चित्र न्यायचं होतं. मी टेबल दाखवलं. त्यांनी कागद उचलला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला. दादाला सगळ्यात जास्त त्याच ओळखायच्या.

"डोरा, डोकं दुसऱ्या कागदावर काढलंय का?"

मी म्हटलं, दुसरा कागद नाही.

"असणार ग. नाव घातलंय ना. अर्धवट कामाला नाव घालणारा माणूस नव्हता तो."

त्यांनी खण उघडला. टीपकागद उचलून खाली बघितलं. मग जुन्या चित्रांचा गठ्ठा एकेक करून उलटायला लागल्या. मी परत म्हटलं नाही म्हणून, तरी थांबल्या नाहीत. त्यांनाही ते बघून कळलं नव्हतं.

मग मी पण खाली वाकले आणि टेबलाखाली बघितलं.