वहिनीच्या शालीचे गळपट्टे

लिही बाळा, माझी धाकटी बहीण शिंप्याकडे काजं-बटणं करायची. पगार बेताचाच, पण सुट्टीत सगळे जमले की कुणाला रिकाम्या हातानं भेटायची नाही. चिंध्यांतूनसुद्धा काहीतरी शिवायचीच. त्या वर्षी दादाचं कपाट आवरताना तिला वहिनीची लोकरीची शाल सापडली. वहिनी आदल्याच वर्षी गेलेली. हिला वाटलं, पडून कसर लागण्यापेक्षा सगळ्यांच्या गळ्याशी वहिनीची ऊब राहील. तिनं शाल धुतली, कापली नि सगळ्यांना गळपट्टे शिवले.

सगळ्यांनी कौतुक केलं. दादानं मात्र आपला गळपट्टा नाकाशी धरला.

"धुतलीस होय गं?"

"मग! चांगला दोनदा साबण लावला."

"तिचा वास होता त्या शालीला. म्हणून तर पिशवीत बांधून ठेवली होती."

धाकटी पांढरीफटक पडली. मग दादाच गळपट्टा गुंडाळत म्हणाला, "जाऊ दे गं वेडे, तिच्या त्या बामाच्या वासानं शेजारी पळायचे!"

आम्ही हसलो, ती नाही. त्यानं दोन मुस्काटात दिल्या असत्या ना, तर सुटली असती बिचारी. अजून दादा तो गळपट्टा घालून आला की ही पाणी आणायचं निमित्त करून आत जाते.