रिकाम्या घराची राखण

मंगळवार, १५ जानेवारी १९४६. पहाटे साडेपाच वाजता आमच्या दारावर थाप पडली. संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हणजे कर. या दिवशी आमच्याकडे कोणी नव्या कामाला हात लावत नाही आणि गावाची वेस ओलांडत नाही. दार मी उघडले. आईच्या माहेरचा एक माणूस घोंगडी पांघरून उभा होता. आईचा थोरला भाऊ रात्री वारला होता. ऊन चढायच्या आत माती होणार होती. एवढे सांगून तो पाणीही न घेता परत फिरला.

त्या वेळी मी बावीस वर्षांचा होतो. पूर्णा गावात, रेल्वे लाइनीच्या अलीकडे, दोन खणांच्या मातीच्या घरात आम्ही तिघे राहत होतो: आई, माझी बायको आणि मी. वडील पूर्वीच गेले होते. आम्ही तिघेही कापसाच्या जिनात कामाला होतो. मी तोलाईच्या काट्यावर, त्या दोघी कापूस निवडायला. पहाटेचा भोंगा झाला की घर रिकामे होई, ते दिवे लागेपर्यंत रिकामेच राही. घरात चौथे एक कुत्रे होते. ही हकिगत त्याची आहे, म्हणून ते का आणले ते आधी सांगतो.

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या घरात दिवसाढवळ्या चोरी झाली. मागची भिंत फोडून कोणी तांब्याचा हंडा आणि आईचे एकुलते चांगले लुगडे नेले. लढाई नुकतीच संपली होती. कापड मिळत नव्हते, तांबे तर डोळ्यांनी दिसत नव्हते. मी चौकीवर गेलो. जमादार खाटेवर बसून दाढी करून घेत होता.

"घरी कोण असतं दिवसा?" त्याने विचारले.

"कोणी नाही."

"मग तुमचं घर हाय का सराय? ज्याला वाटंल तो येनार, उतरनार."

न्हावी हसला. मी परत आलो.

त्या रात्री आई म्हणाली, "सूनबाईनं आता घरी बसावं. एकीची मजुरी बुडंल, बुडू दे."

माझी बायको चुलीपाशी होती. ती आईसमोर सहसा बोलत नसे. त्या रात्री बोलली. "आत्याबाई, दुसरं काय बी सांगा. मला एकटीला या घरात बसवू नका."

तिचे कारण आईला आणि मला ठाऊक होते. त्याआधीच्या पावसाळ्यात आमचा आठ महिन्यांचा मुलगा याच घरात तापाने गेला. आई आणि मी जिनात होतो. नदीला पूर होता, दार लावलेले होते, आणि संध्याकाळी आम्ही परतेपर्यंत ती त्याला मांडीवर घेऊन बसली होती. सुतक फिटल्यावर ती पहिल्या भोंग्याला जिनात हजर झाली. तेव्हापासून ती घरात एकटी कधी थांबली नाही. सुट्टीच्या दिवशी आई बाजारात गेली तर ही बाहेर ओट्यावर येऊन बसे. उन्हात बसे, पण आत जात नसे.

म्हणून मी कुत्रे आणायचे ठरवले.

नदीकाठी मेंढ्या बसवलेल्या एका धनगराकडे एक वर्षाचे पिवळे कुत्रे होते. मेंढ्यांच्या मागे ते नीट चालत नव्हते, म्हणून तो द्यायला तयार झाला. घरी दिवसभर कोणी नसते हे ऐकल्यावर मात्र त्याने दोरी हातातून सोडली नाही.

"मंग हे राखन कुनाची करनार? भितीची?"

"घराची."

"पाव्हनं, कुत्रं मानसाला राखतंय. मानूस जिकडं, तिकडं ते. तुमी निघालाव की ते बी निगंल."

"बांधून ठेवू."

"बांधल्यालं कुत्रं चोराचं काय करनार हाय? भुंकल, आन चोर त्याला भाकर टाकल." मग तो म्हणाला, "एक करा. निघताना रोज एकच सबूद बोलायचा. दुसरा बोलायचा न्हाई. त्या सबदाला ते बसाया शिकलं, तर शिकलं."

पहिले काही दिवस ते आमच्यामागून थेट जिनाच्या फाटकापर्यंत येत असे. दरवान काठी घेऊन धावे. "क्या जी, नवा हमाल लाए क्या? इसकू बी बोरा उठाने लगाओ." बाया हसत. माझी बायको कामाचा खाडा सोसून त्याला परत नेई. शेवटी तिनेच त्याला शिकवले. रोज पहाटे ती त्याला उंबऱ्यावर बसवी, पाठीवर हात दाबून धरी, आणि निघताना म्हणे, "येते रे." ते उठले की परत येऊन पुन्हा बसवी, पुन्हा तेच म्हणे. वेगळा शब्द शोधण्याची गरज पडली नाही. घराबाहेर पडताना "जातो" म्हणायचे नाही, "येतो" म्हणायचे, ही आपली रीतच आहे. आम्ही तिघेही तेच म्हणू लागलो. महिन्याभरात ते शब्द ऐकताच खाली बसे आणि संध्याकाळी आम्ही परत येईपर्यंत उंबरा सोडत नसे. ते काय शिकले याचा आम्ही आमच्यापुरता अर्थ लावला होता. आम्ही परत येणार, तोवर घर सांभाळायचे, हे त्याला कळले असे आम्ही समजत होतो.

चोरी पुन्हा झाली नाही. घरी बसण्याचा विषय आईने पुन्हा काढला नाही.

त्या दिवशी पहाटे आई भावासाठी रडली नाही. चूल पेटवायची नव्हती. तिने पदर खोचला, मला म्हणाली, "चल." मातीला निघताना आमच्यात कोणी "येतो" म्हणत नाही. मयताच्या घरातून उठतानाही म्हणत नाही. तो शब्द तिथे उच्चारला तर मरण पुन्हा घरी येते, असे आई मानत असे. तिचीच समजूत नव्हे, सगळ्या मुलखाची तीच रीत होती. तेव्हा आम्ही मुकाट्याने बाहेर पडलो. दार ओढून साखळी लावली. कुत्रे उंबऱ्यावर उभे होते, आमच्या तोंडाकडे पाहत होते. शब्द झाला नाही, म्हणून ते आमच्यामागे निघाले. कोणी मागे वळून पाहिले नाही.

आईचे माहेर नदीपलीकडे होते. गाडीवाट लांबची. पायी जाणारे लोक रेल्वेच्या पुलावरून जात. तसे जायला बंदी होती, पण सगळे जात. पुलाच्या अलीकडे, रुळांमधल्या फळ्यांवरून चालत असताना माझ्या बायकोने त्याला पाहिले.

"अवो, हे आलंय की मागं."

मी ढेकूळ मारले. ते चार पावले मागे गेले, पुन्हा आले. दुसरे मारले, ते त्याच्या पाठीवर लागले. कुत्रे कण्हले आणि तिथेच उभे राहिले.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "उशीर व्हायलाय."

"आन घर?" माझी बायको म्हणाली.

"घराचं बगू आल्यावर."

ती चालेना. आल्यावर काय पाहिले जाईल हे तिला माहीत होते. भिंत पुन्हा फुटलेली असली, तर दुसऱ्या दिवसापासून त्या घरात बसणारी तीच होती. तिने माझ्याकडे पाहिले. "तुमी तेवढं म्हना एकदा. जाईल ते घरी."

"खबरदार," आई म्हणाली. "माजा भाऊ पडलाय तिकडं. त्वांडातून काढू नगंस."

माझी बायको कुत्र्याकडे वळली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "येते रे. जा घरी."

कुत्रे खाली बसले.

आईने तिच्याकडे पाहिले. "बोललीस," एवढेच ती म्हणाली, आणि पुलावर चालू लागली. आम्हीही निघालो. पुलाच्या मध्यावरून मी एकदा पाहिले, ते तिथेच दोन रुळांच्या मध्ये ताठ बसलेले होते. आम्ही नजरेआड झालो की ते घराकडे वळेल, असे मला वाटले. गाडी आली की जनावर उठून बाजूला होते, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. पुलापलीकडे उतरून आम्ही ज्वारीच्या वावरातून चालत असताना मागे इंजिनाची शिट्टी झाली. ती बराच वेळ चालली. माझी बायको थांबली. ताटे डोक्यापेक्षा उंच होती, मागचे काही दिसत नव्हते. मग शिट्टी बंद झाली आणि मालगाडी पुलावरून गेल्याचा आवाज आला. ती पुन्हा चालू लागली.

माती वेळेवर झाली. मामाला चार मुली, मुलगा नव्हता. पाणी पुतण्याने दिले. आई तिथे रडली, मोठ्याने रडली, आणि मामीच्या गळ्यात पडून तिने काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. मामीने माझ्या बायकोकडे पाहिले तेव्हा मी समजलो. दुपार कलल्यावर आम्ही उठलो. कोणी "या" म्हणाले नाही, आम्ही "येतो" म्हणालो नाही.

पुलाच्या अलीकडे लाइनीवर काम करणारा गँगमन खडी सारखी करत होता. कुत्रे त्याने ओढून बाजूला उताराला ठेवले होते, वर बाभळीची फांदी टाकली होती. आम्ही थांबलो तसा तो सरळ उभा राहिला.

"तुमचं हाय व्हय?"

"हो."

"डायवरनं लय शिट्टी मारली. म्या बी वरडलो हितनं. बहिरं व्हतं का?"

"नाही."

"मंग उठंना कसं?"

माझ्या बायकोने विचारले, "बसूनच व्हतं?"

"बसूनच. गाडी अंगावर येस्तोवर बसूनच."

आपण घराची राखण शिकवली असे आम्ही समजत होतो. ते फक्त बसायला शिकले होते, आणि जिथे शब्द ऐकला तिथे बसले होते. हे मला तिथे उभ्या उभ्या कळले. तिलाही कळले असावे. तिने फांदी उचलून पाहिले नाही.

मी गँगमनचे फावडे मागून घेतले आणि भरावाच्या पायथ्याशी खड्डा काढला. जमीन काळी होती, वरचा थर वाळून टणक झाला होता, खाली ओल लागली. आई दूर उभी राहिली. पुरून झाल्यावर मी फावडे पुसून परत दिले.

"दुसरं बगा एकादं," गँगमन म्हणाला. "कुत्र्याला काय तोटा हाय."

घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. साखळी सकाळी लावली तशीच होती. भिंत शाबूत होती. आतली एक वस्तू हललेली नव्हती. आम्ही बाहेरच अंगावर पाणी घेतले. आई आत गेली. माझी बायको ओल्या लुगड्यानिशी ओट्यावर बसली.

आई आतूनच बोलली. "उद्यापासून हिनं जिनात यायचं न्हाई. मातीला निघताना मरन बोलावलं हिनं. एक तर गेलं. पुढलं कुनाचं, ते आता बगायचं. घर तरी राखू दे."

माझी बायको ओट्यावर हात मांडीवर ठेवून बसली होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि पुन्हा पाहिले नाही.

दुसरे कुत्रे आणता आले असते. ते शिकेपर्यंत महिना गेला असता, आणि शिकवायला शब्द तोच होता. मी आत गेलो. फळीवरची पितळेची घागर, दोन तांबे, परात आणि आईच्या पेटीतले कपडे एका घोंगडीत बांधले. चार दिवसांची ज्वारी मडक्यात काढून पोते पाठीवर घेता येईल इतके हलके केले.

"काय करायलायस?" आईने विचारले.

"घरात राखण्यासारखं काही ठेवत नाही."

"आन लोक काय म्हनतील?"

"म्हणू दे."

आमच्या शेजारी एका फायरमनची म्हातारी आई राहत असे. पायाने अधू असल्यामुळे ती दिवसरात्र घरातच असे. मी तिच्याकडे दोन खेपा केल्या. तिने बाजेवरून मान उचलून पाहिले.

"काय रे, मायलेकरात वाटनी झाली का? मला पंच नेमलास व्हय?"

"नाही, काकू. दिवसा घरी कोणी नसतं. तुमच्याकडे असू द्या."

"आन शिजवशील कशात? टोपीत?"

"तवा आणि एक भगुलं ठेवलंय."

"कुत्रं कुटं गेलं तुमचं?"

"लाइनीवर गेलं."

घोंगडी कोपऱ्यात ठेव, असे तिने हाताने दाखवले.

परत आलो तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून निजली होती. पोते आणि भांडी गेल्यामुळे खण मोठा दिसत होता. बायको अजून ओट्यावरच होती. मी तिला सांगितले, "उद्या भोंग्याला निघायचंय. तिघांनी." ती उठली आणि कोरडे लुगडे नेसायला माझ्यामागून आत आली. मी मातीची घागर घेऊन आडावर गेलो, चार खेपा घातल्या आणि सकाळसाठी मातीचा रांजण तोंडापर्यंत भरून ठेवला.