पहिली रांग सोडलेले उस्मानचाचा

उस्मानचाचा गेले ते बाजाराच्या दिवशी, भरदुपारी, पाटोद्याच्या स्टँडबाहेर आपल्या फळांच्या गाड्यामागे स्टुलावर बसल्या बसल्या. शेजारच्या फुलवाल्याला वाटलं, म्हातारा डुलकी काढतोय. एक गिऱ्हाईक पपई हातात धरून हाका मारत राहिलं... निरोप आला तेव्हा माझी पिठाची गिरणी चालू होती. त्या घरघरीत मला नुसतं "चाचा" एवढंच ऐकू आलं, बाकीचं सांगणाऱ्याच्या तोंडावरून कळलं. आमच्या गिरणीची आणि त्यांच्या घराची भिंत एकच. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते त्यांच्याविषयी नव्हतंच. आता चाचीची नमाज कोण पढवणार, हेच आलं.

लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हापासून चाचांचा गाडा बघत आले. सीझनप्रमाणे सीताफळ, मोसंबी, केळी, कलिंगड. फळ दाबून बघणाऱ्याचा त्यांना भारी राग. "दाबू नका हो, त्येलाबी जीव हाय," असं म्हणत ते स्वतः निवडून द्यायचे, आणि त्यांनी दिलेलं कधी सडकं निघालं नाही. रमजानमध्ये मात्र त्यांची पंचाईत व्हायची. दिवसभर रोजा, उन्हाचा तडाखा, आणि गाड्यावर कलिंगडांचा ढीग! फोड कापून गिऱ्हाइकाला द्यायची तर ती गोड आहे की नाही हे यांना कळणार कसं? म्हणून सकाळी गाडा बाहेर काढताना माझ्या दारात थांबायचे. "मंगल बेटी, जरा बघ बरं, गोड हाय का." एकदा मी मुद्दाम तोंड वाकडं केलं, तर बिचारे अख्खा गाडा परत वळवायला निघाले! मला हसू आवरेना. "अगं, रोजेदाराची मस्करी करती का?" म्हणाले, आणि स्वतःच हसत सुटले. त्यांच्या रोज्यात मी महिनाभर कलिंगड खाल्लं, असं गल्लीतल्या बायका मला अजून चिडवतात.

मशिदीत त्यांची जागा पहिल्या रांगेत. अजान झाली की फळांवर ओलं गोणपाट टाकायचं, फुलवाल्याला "ध्यान ठेव बे" म्हणायचं आणि निघायचं. गिऱ्हाईक थांबलं तर थांबलं. या नेमात माझ्या आठवणीत तरी कधी खंड पडला नाही... चाचीला लकवा मारेपर्यंत.

चाचीची एक बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर हळूहळू ध्यानात आलं की गणतीही गेली आहे. नमाजेत उठण्याबसण्याची एक फेरी असते, तिला ते रकात म्हणतात. खाटेवर बसून चाची नमाज सुरू करायची आणि किती रकात झाल्या ते विसरायची. मग पहिल्यापासून. एकदा चाचा दिवेलागणीची नमाज मशिदीत पढून, पुढं बाजारातलं आवरून घरी आले, तर चाची अजून तीच नमाज करत होती, आणि रडत होती.

दुसऱ्या दिवसापासून चाचांनी मशिदीतली पहिली रांग सोडली. शुक्रवारी जुम्म्याला तेवढे जायचे, एरवी दर नमाजेला घरी. चाचीच्या खाटेपुढं चटई टाकून स्वतः पुढं उभे राहायचे आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं "अल्लाहु अकबर" म्हणायचे. त्या आवाजावर चाची मागं बसल्या बसल्या वाकायची, सरळ व्हायची. गणती चाचांची, नमाज दोघांची. लोक कुजबुजले. जमातीतले एक वडीलधारे दारात येऊन म्हणाले, मर्दानं मशीद सोडू नये. चाचांनी त्यांना चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, "तितं माज्या जागी कुनीबी उभा ऱ्हाईल. हितं कोन ऱ्हाईल?" पुन्हा तो विषय निघाला नाही.

अडचण झाली ती माझ्या गिरणीची. ऐन संध्याकाळी दळणाची गर्दी, आणि त्या आवाजात चाचीला चाचांचा शब्द पोचेना. चाचा बापडे आवाज चढवत राहिले. त्यांचा घसा बसलेला बघून मीच विचारलं आणि गिरणी तेवढा वेळ बंद ठेवायला लागले. "कावून बंद केली, बाई?" असं कोणी खेकसलं की मी म्हणायची, पट्टा तापलाय. पुढं सगळ्यांना कळलं, आणि बायका त्या वेळात डबे खाली ठेवून निवांत गप्पा मारायच्या.

गेल्या रमजानमध्ये कलिंगडाची फोड माझ्या हातात देऊन चाचा जरा जास्तच वेळ थांबले. म्हणाले, "माज्यामागं हिला भाकर सून घालंल, दवा पोरगा आनंल. नमाज कोन पढवंल, बेटी?" त्यांचा अन्वर मालवाहू टेंपो चालवतो. पोरगा गुणी, पण नमाजेला उभा राहायचा तो ईदेपुरता. मी म्हटलं, "त्याला सांगा की." चाचांनी मान हलवली. "सांगून उठाबशा व्हत्यात. नमाज न्हाई व्हत." एवढं बोलून ते गाडा ढकलत निघून गेले. मला त्यांचा थोडा रागच आला होता. सांगायला काय जात होतं?

आणि मग तो बाजाराचा दिवस. माती देऊन माणसं परतली, पाहुणे पांगले. दिवेलागणीला चाची पश्चिमेकडे तोंड करून खाटेवर बसायची आणि पुढून आवाज यायची वाट बघायची. सुनेनं शेजारी बसून "अल्लाहु अकबर" म्हणून बघितलं, तर चाची नको म्हणून मान हलवायची. अंधार पडायचा, चाची तशीच. मला बघवत नसे. मी दार लोटून घ्यायची आणि गिरणीत बसून रडायची.

परवा दिवेलागणीच्या तोंडावर अन्वरचा टेंपो दारात थांबला. एरवी तो जेवायच्या वेळेला येतो. त्यानं हातपाय धुतले, खिशातली टोपी डोक्यावर ठेवली आणि आईच्या पुढं चटई टाकून उभा राहिला. मी गिरणी बंद करून त्यांच्या दाराशी आले. पहिला "अल्लाहु अकबर" इतका बारीक निघाला की दाराशी मलाच जेमतेम ऐकू आला. पण चाचीचा चांगला हात वर गेला. अन्वर अडखळत पढत होता, चाची मागं वाकत होती... आणि तो गुडघ्यावर बसलेला असताना एकदम टप् असा आवाज झाला. चाचीनं आपल्या लुळ्या हाताच्या पाठीवर दुसरा हात मारला होता. मला वाटलं, पाणी हवंय. मी पुढं सरणार तेवढ्यात अन्वर दचकला आणि परत उठून उभा राहिला.

नमाज झाल्यावर तो बाहेर आला तो डोळे पुसतच. "वहिनी, या नमाजंला तीन रकात असत्यात. मी दोनावरच संपवायलो हुतो. पुढं उभा राहून पढवनारा चुकला तर बाईमानूस बोलत न्हाई, हातावर हात मारतं. अम्मीनं पकडलं बगा मला."

"अरे, पण तिला तर गणती राहत नाही ना?" मी म्हटलं. तिनं ती आज कशी ठेवली, हे त्यालाही कळलं नव्हतं.

आतून चाचीचा जड जिभेचा आवाज आला. चाचा गेल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"अन्वर... कल जल्दी आ."

"हौ, अम्मी," अन्वर म्हणाला.