दोन मणके आणि सगळ्यांचं मत

ताप आला म्हटलं की लोक गोळी सांगतात, कंबर दुखायली म्हटलं की गोष्ट सांगतात! मी मुरुडजवळच्या शाळेत मराठी शिकवतो. माझ्या कमरेतला एक मणका दुसऱ्यावरून पुढं सरकला, शीर दबली, आणि नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हे दोन मणके स्क्रू घालून कायमचे जोडता येतील. करायचं का नाही, ते तुम्ही ठरवा." मी ठरवेपर्यंत स्टाफरूमनं, सासरवाडीनं आणि बसस्टँडवरच्या अनोळखी माणसांनी जे काय केलं, त्याचे किस्से एवढे साठलेत की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला करमायचं नाही.

दुखणं काय होतं ते आधी सांगतो. बसलो की बरं, उभा राहिलो की थोड्याच वेळात डाव्या पायात नुसती आग. आणि माझी खोड अशी, की मला बसून शिकवताच येत नाही! फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत येरझाऱ्या घातल्याशिवाय माझ्या तोंडून कविता निघत नाही. आता परिपाठाला राष्ट्रगीत चालू असलं की मी खांबाला टेकायचो. वर्गात खुर्चीत बसून शिकवायला लागलो. पोरांसमोर मला लई लाज वाटायची. नोकरी सोडायची, का पाठ फाडून घ्यायची? प्रश्न एवढाच होता.

* * *

एमआरआयची फिल्म स्टाफरूमच्या खिडकीच्या काचेला लावली. सगळा स्टाफ गोळा. आमचे मुख्याध्यापक बिराजदार सर मागं हात बांधून बराच वेळ बघत राहिले. परिपाठाला पोरांच्या रांगा बघतात तसे!

"बाकीचे नीट उभे आहेत," ते म्हणाले. "हा एकटाच पुढं आलाय. याला मागं घ्या, संपला विषय."

विज्ञानाच्या शेख मॅडम म्हणाल्या, "सर, फिल्म उलटी लावलीय."

"उलटी असू द्या, नाहीतर सुलटी. रांग मोडली ती मोडलीच की!"

* * *

आमच्याकडं कमरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून हलकीशी लाथ मारून घेतात. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. स्टाफनं शोध सुरू केला, तर सापडले कोण? आमचे केंद्रप्रमुख! शाळाभेटीला आले, चहा दिला, आणि बिराजदार सर अदबीनं पुढं झाले.

"साहेब, एक विनंती होती. आमच्या सरांना जरा लाथ मारता का?"

साहेबांचा कप हवेतच राहिला. "का हो? काय तक्रार आहे त्यांची?"

"तक्रार न्हाई साहेब, कंबर हाय."

साहेबांनी बूट काढला, मोजा काढला, दार लावून घ्यायला सांगितलं. मी भिंतीकडं तोंड करून उभा. शेख मॅडम ओरडायल्या, "साहेब, नुसता पाय लावा! मणका सरकलेलाय त्यांचा!" साहेबांनी बिचाऱ्यांनी फुलासारखा पाय टेकवला. दुखणं होतं तिथंच राहिलं.

पण गंमत पुढंच आहे. पुढच्या भेटीला साहेबांनी हजेरी विचारली नाही, पोषण आहार विचारला नाही. आल्या आल्या मला म्हणाले, "फरक पडला का?"

"न्हाई साहेब."

"मग परत मारू?"

इतक्या हौसेनं शाळेत आलेला साहेब मी उभ्या नोकरीत बघितला नाही!

* * *

आमची बायको सुनंदा. तिचं म्हणणं, "लोकांचं ऐकू नका. ज्याचं ऑपरेशन झालंय, त्याला डोळ्यानं बघून येऊ." शिरूर अनंतपाळला तिच्या मावसबहिणीच्या शेजारच्यानं हेच ऑपरेशन करून घेतलेलं. गेलो. सतरंजी अंथरलेली, कांदेपोहे तयार, आणि तो चाळिशीचा गडी इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसलेला. मुलगी बघायला गेल्यासारखंच सगळं!

सुनंदानं विचारलं, "जरा चालून दाखवता का?" तो चालला. "आता वळा." वळला. "जेवताना खाली बसता येतं का?" तो लाजत म्हणाला, "खाली न्हाई, खुर्चीवर बसतो."

मी म्हटलं, "खरं सांगा, दुखणं गेलं का?"

"समदं न्हाई गेलं, सर. पाठ ठणकते कधीमधी. लगेच काही बरं वाटलं न्हाई, लई दिवस गेले. पण पायाची आग गेली. आता त्या बांधापर्यंत जाऊन येतो."

आतून त्याची आई कडाडली, "जातो की! आन् खुरपं हातात दिलं की डॉक्टरनं वाकू नको म्हटलंय म्हणतो! तुमचा डॉक्टर कोण हाय, त्याला एकदा माझ्याकडं धाडा!"

परतताना सुनंदानं गाडीत बसल्या बसल्या पदर सारखा केला. मग म्हणाली, "स्थळ चांगलंय."

* * *

मेहुणा नांदेडला, विष्णुपुरीत राहतो. तो म्हणाला, "दाजी, दुसरी बाजू पण बघा." त्याच्या शेजारी एक निवृत्त काका होते. त्यांनी ऑपरेशनला साफ नकार दिलेला, आणि नुसत्या व्यायामावर ठणठणीत झालेले.

"चिरफाड कशाला करून घेता?" माझ्या पुढ्यात पोहे ठेवत काका म्हणाले. "हे बघा!" आणि आडवेच झाले. पाय वर, पाय खाली, कंबर उचल, पालथे हो. मी भारावून बघतोय! एकेक प्रकार दाखवत दाखवत काका शेवटच्या प्रकाराला आले आणि तसेच राहिले.

"काय झालं काका?"

"काही न्हाई. जरा उसण भरली. तुम्ही पोहे घ्या."

* * *

आता डोकं पार गरगरायला लागलं. परत नांदेडच्या त्याच डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर तरुण, शांत माणूस. म्हणाले, "घाई नाही. आधी व्यायाम करा, वजन कमी करा. बऱ्याच लोकांचं तेवढ्यावर भागतं. पायातली ताकद कमी झाली तर मात्र वाट बघू नका."

मला रागच आला. मी यांना ठरवायला सांगायला आलो, आणि हे परत माझ्यावरच ढकलायलेत! मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुमच्या वडिलांना हे दुखणं असतं तर काय केलं असतं?"

"आहेच की त्यांना. ते बाहेर बाकावर बसलेत बघा."

"मग?"

"माझं ऐकत नाहीत, आणि माझ्या पेशंटलाही ऐकू देत नाहीत!"

बाहेर आलो तर खरंच एक म्हातारबाबा पट्टा आवळून बसलेले. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "पोरगं हुशार हाय. पण घाई करू नका."

* * *

मी व्यायाम मन लावून केला. पाठ खरंच हलकी झाली. वाटलं, सुटलो! स्टाफरूममध्ये पेढे वाटायचा बेत ठरला.

एके दिवशी शाळेतून चालत घरी आलो. सुनंदा दारातच उभी. माझ्या पायाकडं बघत म्हणाली, "दुसरी चप्पल कुठाय?"

मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पलच नव्हती! रस्त्यात कुठं निघाली, मला कळलंच नव्हतं. मला आधी हसू आलं. तिला आलं नाही. ती म्हणाली, "पाऊल वर उचला बघू." मी उचलायला गेलो. पाऊल उचललंच नाही.

मी उंबऱ्यावर बसलो. घाबरलो होतो, सांगायला लाज कसली? म्हटलं, "ऑपरेशनात काही बरंवाईट झालं तर? अंथरुणाला खिळलो तर?"

ती म्हणाली, "आत्ता लई बरं चाललंय का तुमचं?"

दुसऱ्या दिवशी नांदेडला फोन केला. चप्पल मात्र सुनंदानंच शोधून आणली, चौकातल्या पानटपरीपासून.

* * *

ऑपरेशन झालं. पहिले काही दिवस मी ज्याला त्याला शिव्या देत होतो, शिरूरच्या त्या गड्यालाही. मग पट्टा लावून घरातल्या घरात चालणं, मग गल्लीच्या टोकापर्यंत. पाऊल हळूहळू उचलायला लागलं. पाठ अजून लाकडासारखी वाटते, पण पायात आग नाही. डॉक्टर म्हणाले, "आता शाळेत जा. जमेल तेवढंच उभं राहा."

शाळेत गेलो तर बिराजदार सरांनी सातवीच्या वर्गात गादीची खुर्ची आणून ठेवलेली! मी आत पाऊल टाकलं. सगळी पोरं एकदम उठून उभी राहिली. "नमस्ते सर!"

मी खुर्ची बाजूला सरकवली. फळ्यापाशी उभा राहिलो आणि पायात आग कधी येतेय याची वाट बघत राहिलो. आली नाही. कविता म्हणायला सुरुवात केली. आली नाही. चालत शेवटच्या बाकापर्यंत गेलो. तरी आली नाही! माझा आवाज चढायला लागला, डोळे भरून आले, मला कशाचं भान राहिलं नाही. परत फळ्यापर्यंत, परत मागं. एक कविता संपली, लगेच दुसरी धरली. खिडकीत शेख मॅडम येऊन थांबल्या होत्या, त्यांच्या मागं बिराजदार सर.

दुसरी कविता अर्ध्यावर आली तेव्हा मधल्या रांगेतली एक पोरगी रडवेल्या आवाजात म्हणाली,

"सर, आता तरी बसा म्हणा की! आमची कंबर दुखायली!"