उजव्या चाकाचा आवाज

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हा ती खोडदजवळच्या आमच्या घरी परत आली आणि घरचा ट्रॅक्टर चालवायला शिकली. लोकांच्या रानात नांगरट करून तिनं मला पदवीपर्यंत शिकवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आता मी चाकणला एका कंपनीत हिशेबाचं काम करतो आणि ती अजून त्याच ट्रॅक्टरवर असते.

दसरा झाला आणि तिचा फोन आला.

"आरं, ट्रॅक्टर काहीतरी बोलतोय."

"काय बोलतोय?"

"ते कळलं असतं तर तुला फोन केला असता व्हय? आवाज पाठवते, आईक."

मग रोज संध्याकाळी तिचे आवाज मोबाईलवर येऊ लागले. इंजिनाची धडधड, मध्येच तिचं खोकणं, कुणाचं तरी कुत्रं आणि या सगळ्याच्या मागे एक कोरडं टक... टक. ट्रॉली रिकामी असली की तो नसायचा, भरली की हमखास. मला मशिनरीतलं काही कळत नाही. तरी जेवताना, बसमध्ये, अंथरुणावर पडल्यावरही मी कानाला मोबाईल लावून ते ऐकत राहायचो. नारायणगावच्या मेकॅनिकला ऐकवलं, तर तो म्हणाला, "डिफ्रन्शियल असंल, मागच्या चाकांमधला गिअर. उघडावं लागंल. पण दिवाळीपर्यंत हात रिकामा न्हाई."

दिवाळी झाली की पारगावच्या कारखान्याला ऊस जायचा होता. आमच्याही उसाला तोडणीची पाळी मिळाली होती. पारगावच्या वाटेवर पुलाच्या आधी एक मोठा उतार आहे. भरलेली ट्रॉली मागून ढकलत असते आणि पुढे हा म्हातारा ट्रॅक्टर, त्यावर पन्नाशी ओलांडलेली माझी आत्या. उतारावर काही तुटलं तर, याच्यापुढे माझा विचारच जाईना.

दिवाळीच्या सुट्टीत घरी पोचलो. पाठीवरची बॅग खाली ठेवायच्या आधीच मी म्हणालो, "आत्या, या वर्षी ऊस दुसऱ्या कुणाच्या ट्रॅक्टरनं जाऊ दे."

"का? तुझ्या कानात टकटक होतीय म्हणून?"

ओट्यावर बसलेले आप्पा, माझे वडील, हसले. "आक्का, आपल्या खोडदला एवढी मोठी रेडिओ दुर्बीण हाय. आभाळातलं ऐकती म्हणत्यात. तिला म्हणावं, जरा आमचा ट्रॅक्टर आईक."

"ती कशाला?" आत्या म्हणाली. "आपला पदवीवाला आलाय की."

ते दोघं हसत होते आणि मला बसवत नव्हतं. अंगणात ट्रॅक्टर उभा होता. बॉनेटवर खंडेनवमीच्या हाराचा वाळलेला दोरा, चाकांवर पूजेच्या कुंकवाची पुसट बोटं. मी चारदा त्याच्याभोवती फिरलो. जे हाताला लागेल ते हलवून पाहिलं. काहीच हललं नाही.

सकाळी ट्रॉलीत शेणखत भरलं. आत्या हळू चालवत होती आणि मी बाजूनं चालत होतो. आधी डावीकडून, मग उजवीकडून. डावीकडे आवाज दूरचा वाटत होता, उजवीकडे अगदी कानाशी. मी ओरडलो, "गिअर बदल!" तिनं बदलला. इंजिनाचा सूर बदलला, टकटक तशीच राहिली. रानाकडे जरा उतार लागला तेव्हा म्हणालो, "क्लच दाब!" इंजिन एकदम हलकं झालं. ट्रॅक्टर नुसता घरंगळत होता आणि तरीही टक... टक. चाक फिरेल तसं.

"इंजिनात नाहीये, आत्या! चाकात आहे!"

"चाकात काय असणार? मधले नट मी कालच बघितले, घट्ट हायेत."

तिनं ट्रॅक्टर थांबवला. मी मोठ्या चाकाशी वाकलो. रिम जिथं आतल्या तव्याला, म्हणजे मधल्या लोखंडी चकतीला बसते, तिथल्या बोल्टांभोवती लाल ओघळ होते. रोज दिसत होते, पण पूजेचं कुंकू समजून कुणी नीट पाहिलंच नव्हतं. मी बोट फिरवलं. कुंकवासारखं मऊ लागलं नाही, खरखरीत लागलं.

आत्याही खाली उतरली. माझं बोट धरून तिनं नाकाशी नेलं. "ह्ये कुंकू न्हाई. कुंकू एवढे दिस टिकतंय व्हय? लोखंड घासतंय."

बोल्ट तिनं नुसत्या चिमटीत धरून फिरवला. तो फिरला.

मग तिला आठवलं. नवरात्रात कांद्याच्या सऱ्यांसाठी तिनं मागच्या चाकांमधलं अंतर बदललं होतं. डावं चाक पान्यानं आवळून झालं, उजव्याचे बोल्ट हातानं बसवले, एवढ्यात वडिलांनी हाक मारली. खंडेनवमीची पूजा मांडायची होती. पाना धुऊन पाटावर गेला. आमच्याकडे पूजेत ठेवलेलं हत्यार दसरा होईपर्यंत कुणी उचलत नाही. दसरा झाला, पाना पेटीत गेला. वडिलांना वाटलं काम झालंय. आत्याला वाटलं, आपण दोन्ही चाकं आवळली.

घरी येऊन तिनं बोल्ट आवळले. पान्याला जोर यावा म्हणून लावलेल्या लांब नळीवर मी माझं सगळं वजन टाकलं. ट्रॉली भरलेलीच होती, पुन्हा फेरी मारली. आवाज नव्हता. आत्या म्हणाली, "आता झोप लागंल ना तुला?"

नाही लागली. चाकणला परतलो. फोनवर ती मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाही, म्हणून मी तिला पत्र पाठवलं.

"आत्या,

काल तू भरली ट्रॉली घेऊन उतार उतरलीस, तेव्हा मी ऑफिसात होतो. तू पोचल्याचा निरोप येईपर्यंत एकच बेरीज पुन्हा पुन्हा करत होतो. आवाज गेलाय हे मला माहीत आहे. तरी कारखान्यावर रांगेत उभी असशील तेव्हा खाली उतरून बोल्टांवरून एकदा बोट फिरव. लाल लागलं तर तशीच निघू नको. मला फोन कर, मी रजा टाकून येतो.

ट्रॅक्टर चालवू नको असं मी पुन्हा म्हणणार नाही. ज्या सीटवर बसून तू मला शिकवलंस, ती सोड असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? मला फक्त तू घरी पोचायला हवी आहेस.

पुढच्या खंडेनवमीला मी आदल्या दिवशीच येतो. आधी सगळे बोल्ट आवळू, मग पाना पाटावर ठेवू. आप्पांना मी सांगेन, तू भांडू नको.

तुझा भाचा"