नसरीन मॅडमची पाणकणसं

नसरीन मॅडम गेल्याचं त्यांच्या लेकीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी रडलो. तासाभरात मोबाइलवर श्रद्धांजलीचा फलक आला आणि रडणं थांबलं. पुढं मॅडमचा हसरा फोटो आणि मागं गावाचं रंगीत कारंजं... ज्या कारंज्यासाठी मॅडमचं काम उखडलं, तेच.

पिशोरहून शहरात बी.एस्सी.ला आलो, तेव्हा आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इंग्रजी पुस्तक उघडून नुसता बसायचो. रसायनशास्त्राच्या नसरीन मॅडम तास संपला की मला थांबवून घ्यायच्या आणि तोच धडा मराठीत सांगायच्या. आज मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे, तो त्यांच्यामुळं.

आज जिथं ते कारंजं आहे, त्या कारखान्यांच्या पट्ट्यालगतच्या गावात विहिरीच्या पाण्याला थिनरसारखा वास यायचा. गुरंसुद्धा तोंड लावत नसत. मॅडमनी तिथं खडीचे उथळ वाफे करून दलदलीत उगवणारी पाणकणसं लावली आणि विहिरीचं पाणी त्यातून हळूहळू सोडलं. आम्ही विद्यार्थी घमेल्यानं खडी वाहत होतो. "मॅडम, औषध कधी टाकायचं?" मी विचारलं. "औषध नाय रे बाबा! मुळ्यांवर जंतू राहतात, ते हे विष खातात. जमिनीचं आतडं समज. आपण फक्त सबर करायचा." सबर केला, वाट पाहिली. एक दिवस सरपंचांच्याच म्हशीनं वाफ्यांतून येणाऱ्या पाण्याच्या हौदात तोंड घातलं आणि मॅडमनी पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या.

पुढं कुणी मोठे पाहुणे येणार ठरलं. जेसीबीनं पाणकणसं मुळासकट उपटली, वाफ्यांवर फरशी बसली, मधोमध कारंजं. आम्ही धावत गेलो.

"मॅडम, लई गबाळं दिसत होतं," सरपंच म्हणाले. "आता बघा, कसं चकाचक!"

"भाऊसाहेब, पोट साफ दिसावं म्हणून आतडं काढून फेकता का?"

"तुमचं कॉलेजातलं कॉलेजात ठेवा, मॅडम."

पाहुणे फोटो काढून गेले. थोड्याच दिवसांत वास परतला. तेवढीच जागा पुन्हा मिळावी म्हणून मॅडम शेवटपर्यंत दारोदार फिरल्या. सगळीकडं एकच उत्तर : सुशोभित जागा उकरता येत नाही. आजारानं गेल्या, हे खरं. पण त्याआधी या माणसांनी त्यांना थकवलं, हे मी लिहिणारच.

शोकसभा कारंज्यापाशीच ठेवली होती. व्यासपीठावर बाटलीबंद पाणी. कारंज्याला मॅडमचं नाव द्यायचं सरपंचांनी जाहीर केलं, टाळ्या पडल्या. मी उठलो, विहिरीच्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं आणि त्यांच्यापुढं धरलं. "भाऊसाहेब, मॅडमच्या नावानं एक घोट." त्यांनी पेला नाकाशी नेला... आणि खाली ठेवला. "नाव नको," मी म्हणालो, "जागा द्या."

जेसीबी फिरला त्या दिवशी उपटलेल्या ढिगातून मॅडमनी पाणकणसांचे काही गड्डे ओढणीत बांधून नेले होते. गॅलरीतल्या प्लॅस्टिकच्या टबात ते जगले. सकाळच्या चहाआधी त्या टबाशी वाकून पाण्याचा वास घ्यायच्या. लेकीनं तो टब मला दिलाय. आता मी वाकतो. पाण्याला वास नाही. पण टबाला चीर गेलीय... मुळ्यांना जागा पुरत नाही.