अंमलदाराची पोथी

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण आमच्या गावच्या वाचनालयातल्या बाईंचं आहे. हे मी आईच्या देखत बोलतो आणि आई मान हलवते. औशापासून थोडं आत आमचं गाव. वडील औशाच्या बाजारात हमाली करायचे. बारावीनंतर मलाही तिथंच न्यायचं त्यांनी ठरवलं होतं. बाई घरी आल्या, उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "दादा, ह्याला वाचायचं वेड आहे. वेड्याच्या पाठीवर पोतं दिलं तर पोतंही जाईल आणि पोरगंही. लातूरला धाडा. काही कमी पडलं तर मला बोल लावा." वडील हसले, आणि आमच्या घरात ते हसणं म्हणजे होकार होता. लातूरच्या कॉलेजातला प्रवेश, वसतिगृह, पहिल्या वर्षाची पुस्तकं, सगळ्याच्या मागे बाई उभ्या होत्या. आज मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी.

हे लिहिताना मात्र मी रागात आहे. तो राग कशाचा, हे सांगायला एका कादंबरीपासून सुरुवात करावी लागते.

ज्यांच्या शेतीभातीच्या, नात्यागोत्याच्या कादंबऱ्या वाचत आमची पिढी मोठी झाली, अशा एका लोकप्रिय लेखकांनी व्हॅम्पायरची कादंबरी लिहिली. निजामाच्या काळातला एक अंमलदार. त्याला मरण नाही. उदगीरच्या पलीकडे, सीमेवरच्या एका डाकबंगल्यात तो दिवसा झोपतो, अंधार पडल्यावर उठतो आणि रक्तावर जगतो. आजच्या काळात तिथं एक नर्स सर्वेक्षणाला येते, त्याच्या प्रेमात पडते आणि आपणहून त्याला रक्त देऊ लागते. एवढीच गोष्ट, पण पानं पुष्कळ.

नांदेडात तिच्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी मी कुठल्याच पुस्तकावरून पाहिली नाहीत. आमच्या शिक्षक खोलीत भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, "एका बैठकीत संपवली. तुमच्या साहित्यिकांनी पहिल्यांदा वाचण्यासारखं काहीतरी लिहिलं." वाचक मंडळातले एक निवृत्त मुख्याध्यापक भयंकर चिडले होते. "ह्या माणसानं आमच्या डोळ्यांतून पाणी काढलं होतं. आता रक्त काढायला निघाला. दुकान टाकलं, दुसरं काय." वर्गातल्या एका मुलीनं मला समजावलं, "तो व्हिलन नाही सर, तो सॅड आहे." तिच्या मागच्या बाकावरचा, उमरीहून रोज येणारा पोरगा म्हणाला, "सर, पहिली शंभर पानं लई भारी हायत. मग त्यो नुसता खिडकीत उभा राहतो."

मला ती आवडली नाही. उपकेंद्रातली नर्स एवढे दिवस त्या बंगल्यात जाते आणि तिच्या मोबाईलवर ना सासूचा फोन येतो ना डॉक्टरांचा. अशी नर्स आमच्या भागात नाही. मी हे बाईंना फोनवर सांगितलं.

"मला आवडली," बाई म्हणाल्या.

"काय आवडलं तुम्हाला त्यात?"

"भीती वाटली, वाईटही वाटलं. बास की. नोकरी लागल्यापासून तू पुस्तकं तपासतोस रे, वाचत नाहीस." मग म्हणाल्या, "शनिवारच्या वाचनाला हीच घेतली आहे."

शनिवारचं वाचन म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आमच्या गावात वरच्या गल्लीत श्रावणात पोथी लागते. आमच्या गल्लीत, विहारात, पावसाळ्यातल्या वर्षावासात ग्रंथवाचन होतं. दोन्हीकडची रीत एकच. एक जण वाचतो, दुसरा थांबून थांबून अर्थ सांगतो, आणि बसलेले हुंकार देतात. दोन्हीकडे नियमही एकच. वाचायला घेतलेलं अर्ध्यात टाकायचं नाही, समाप्ती झालीच पाहिजे. पण वरच्या गल्लीतल्या बायका विहारात येत नाहीत आणि आमच्या बायका त्यांच्या मंदिरात जात नाहीत. बाईंनी फार वर्षांपूर्वी शनिवारी दुपारी वाचनालयात वाचन सुरू केलं, आणि तिथं मात्र दोन्ही गल्ल्यांच्या बायका एका सतरंजीवर येऊन बसल्या. कुणी भाषण केलं नाही, कुणी ठराव केला नाही. गोष्ट ऐकायची होती म्हणून आल्या आणि बसल्या. बाई वाचतात. अर्थ माझी चुलती सांगते. तिला अक्षर येत नाही, पण विहारात ऐकून ऐकून अर्थ सांगायची हातोटी तिला बसली आहे. बायकांनी या कादंबरीलाही आरंभाचा नारळ फोडला होता.

एका शनिवारी मी गावी होतो. मागे भिंतीला टेकून बसलो. बाईंनी एक परिच्छेद वाचला आणि थांबल्या.

चुलती म्हणाली, "म्हंजी बगा, अंमलदार म्हनला, मला तहान लागली. पान्याची का?"

"न्हाई," सगळ्या म्हणाल्या.

"च्याची का?"

"न्हाई."

"मग कशाची त्ये आता ध्यानात घ्या. आन ही नरसबाई काय करायली? बाही वर सारायली."

"तिच्या अंगात रगत लई दिसतंय," एक जण म्हणाली. "आमाला तर दवाखान्यात दर बारीला कमीच सांगत्यात."

"पर त्यो इचारून पितो," दुसरी म्हणाली. "आमच्या घरात कोन इचारतंय?"

हशा पिकला. वरच्या गल्लीतली एक म्हातारी हसली नाही. "मला त्याची कीव येती. मरन न्हाई म्हंजी काय सुख हाय व्हय?"

"कीव येती तर घरी ने की त्याला. तुझ्या माळवदावर झोपंल दिसभर."

"नेते की. तुज्या नवऱ्यापरीस बरा हाय. दिसा तरी भांडत न्हाई."

बाईंना पुढं वाचता येईना, इतक्या त्या हसत होत्या. एक सून मोबाईलवर हे सगळं व्हिडिओत टिपून घेत होती. तिनं ते लातूरच्या बहिणीला पाठवलं, बहिणीनं आणखी कुणाला, आणि ते फिरत फिरत कुठल्या कुठं गेलं. त्या सुनेला मी दोष देत नाही. तिला ते सुंदर वाटलं होतं, आणि ते होतंही.

मग नांदेडला त्या कादंबरीवर चर्चा ठरली. स्वतः लेखक येणार होते, आणि बोलणाऱ्यांत माझंही नाव होतं. सभागृह भरलं होतं. तासभर कडाक्याची भांडणं झाली. एकानं कादंबरीला मराठीतला नवा टप्पा म्हटलं, दुसऱ्यानं वाचकांची फसवणूक. मुख्याध्यापक तर लेखकांकडे बोट दाखवून बोलले. मी माझं मत सौम्यपणे मांडलं आणि बसलो. शेवटी लेखक उठले. प्रसन्न होते.

"समीक्षकांनी खुशाल भांडावं," ते म्हणाले. "माझी कादंबरी अमर झालेली आहे. लातूरकडच्या एका गावात बायाबापड्यांनी तिची पोथी लावली आहे. नारळ फोडून." आणि त्यांनी पडद्यावर तो व्हिडिओ लावला.

चुलतीचा आवाज सभागृहात घुमला. पान्याची का? न्हाई. च्याची का? न्हाई. लोक हसले. पोट धरून हसले. ज्यांचं तासाभरात एका वाक्यावर एकमत झालं नव्हतं ते सगळे तिथं एक झाले. टप्पा म्हणणाराही हसत होता आणि फसवणूक म्हणणाराही. मुख्याध्यापक डोळे पुसत होते. "मला त्याची कीव येती" हे म्हातारीचं वाक्य मला वाटतं त्या दिवशीच्या साऱ्या बोलण्यात सगळ्यांत शहाणं होतं. त्यालाही लोक हसले. वाक्यात त्यांनी फक्त 'येती' ऐकलं.

मी उभा राहिलो. माईक नव्हता. म्हणालो, "अर्थ सांगणारी ती माझी चुलती आहे."

हशा थांबला. मी नीट बोलू शकलो नाही. आवाज चढला आणि मग फाटला. मी म्हणालो की ह्या बायका तुमचं पुस्तक शब्दन् शब्द ऐकतात, त्यावर भांडतात, तुमच्या अंमलदाराला घरातल्या माणसासारखं बोलतात. ह्यापेक्षा जास्त लेखकाला काय हवं असतं? आणि तुम्ही त्यांना विनोद म्हणून इथं आणलंत.

"सर, मी कौतुकानं दाखवलं," लेखक म्हणाले.

"कौतुकाला लोक असे हसत नाहीत."

मागून कुणीतरी म्हणालं, "सर, विनोद कळत नाही का तुम्हाला?" संयोजकांनी वेळ संपल्याची चिठ्ठी माझ्या हातात दिली. चहाच्या वेळी मुख्याध्यापक खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरोबर बोललात. पण जरा जास्तच झालं." मी चहा न घेता निघालो. माझ्या लेखी त्या दिवशी कमीच झालं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. पण त्या सभेची बातमी गावात पोचली. वाचनालयाच्या सचिवांना शनिवारचं वाचन व्हायचं तो हॉल कधीपासून अभ्यासिकेसाठी हवा होता. स्पर्धा परीक्षेची पोरं, जागेचं भाडं, आतले पंखे, सगळा बेत त्यांच्याकडे तयार होता. कारण तेवढं मिळत नव्हतं. ते आता लेखकांनीच हातात दिलं. बाईंना ते म्हणाले, "गाव गाजलं ते भुताच्या पोथीनं. नांदेडात लोक हसले. शनिवारचा हॉल बंद." त्यांनी दाराला कुलूप घातलं, आणि बाईंच्या मानधनावर सही त्यांचीच असते, त्यामुळे बाई गप्प बसल्या. कादंबरीचे शेवटचे काही भाग राहिले होते.

मी चुलतीला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "माज्यामुळं गावाचं हसं झालं म्हनं. मी काय वंगाळ बोलले का रं?"

"न्हाई गं चुलती. एक शब्द बी न्हाई."

"मग कामून हसले?"

पदवी माझ्याकडे आहे, रोज साठ पोरांना अर्थ सांगतो, आणि हे तिला कसं सांगावं ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. त्यांनी एक तोड काढली होती. राहिलेले भाग वरच्या गल्लीच्या बायकांना मंदिरात वाचून दाखवायचे आणि आमच्या गल्लीतल्या बायकांना विहारात. समाप्ती दोन्हीकडे होईल, वादही होणार नाही. बाईंचा आवाज दमलेला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर चिडलो. फोनवर चिडून बोललो असतो तर जन्मभर खंत राहिली असती, म्हणून फोन ठेवला आणि पत्र लिहिलं. ते असं:

बाई,

तुमच्यापुढं आवाज चढवायची मला सवय नाही, म्हणून लिहितो आहे.

समाप्ती दोन ठिकाणी करू नका. एकदा दोन सतरंज्या झाल्या की पुढचं पुस्तकही दोन ठिकाणी लागेल, आणि मग लागणारच नाही. सचिवांना हॉल हवा आहे, तो त्यांनी घेतलाही. त्या लेखकांना एक हशा हवा होता, तोही त्यांनी घेतला. आता उरलेलं आपण स्वतःच्या हातानं वाटून द्यायचं का? गावात सगळ्या जागा कुणाच्या तरी आहेत. ही एकच जागा कुणाची नव्हती. ती तुम्ही केलीत. माझ्यासाठी तुम्ही जे केलंत त्याहून हे मोठं आहे असं मी मानतो.

कुलूप हॉलला आहे. वाचनालयाच्या पुढच्या ओट्याला कुलूप नाही. येत्या शनिवारी मी नांदेडहून सकाळच्या गाडीनं लातूरला उतरतो आणि दुपारी ओट्यावर बसून वाचतो. तुम्ही वाचू नका. तुमचं मानधन त्यांच्या हातात आहे, माझा पगार नाही. सचिवांना काही विचारायचं असेल तर मला विचारू द्या. मी वाचनालयाचा वर्गणी भरणारा सभासद आहे आणि ओट्यावर बसायला सभासदाला परवानगी लागत नाही.

वरच्या गल्लीतल्या किती जणी येतील मला माहीत नाही. हॉलच्या आत बसणं वेगळं, रस्त्यावरून दिसेल असं बसणं वेगळं. एकही आली नाही तर आम्ही वाट पाहू, आणि त्या शनिवारी वाचणार नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा येईन. अर्ध्यांपुढं समाप्ती मी करणार नाही.

चुलतीकडे तुम्ही जा. माझं ती ऐकत नाही, मला अजून ती शाळकरी पोरच समजते. अर्थ सांगायला दुसरं कुणी नको.

पुस्तक वाईट आहे हे माझं मत बदललेलं नाही. शेवटची ओळ वाचून झाली की ते मी ओट्यावरच सगळ्यांपुढं सांगणार आहे. तुम्हाला ते का आवडलं हे तुम्ही सांगा, आणि त्या म्हातारीलाही सांगू द्या.

तुमचा
विद्यार्थी